कॉइल कडेला, गर्दी मध्यात

संगणकाची चिप आज 300 मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉन वेफरवर घडते आणि तिच्यावरच्या सूक्ष्म चऱ्या कोरतो प्लाझ्मा. चेंबरच्या माथ्यावर क्वार्ट्झचं किंवा सिरॅमिकचं झाकण, त्यावर तांब्याची चपटी कॉइल, तिच्यात बहुधा 13.56 मेगाहर्ट्झचा प्रवाह, आणि आत हवेच्या दाबाच्या लाखाव्या हिश्श्याइतका विरळ वायू. वायूत धातूची पट्टी न घालता, नुसती कॉइल गुंडाळून तो उजळवता येतो, हे योहान हिटॉर्फ यांनी 1884 मध्ये दाखवलं होतं.

वेफरच्या मध्याला आणि कडेला कोरण्याचा वेग सारखाच हवा. अडचण सुरू होते ती इथेच.

कॉइलने उभं केलेलं विद्युतक्षेत्र अक्षावर शून्य असतं, आणि मधल्या त्रिज्येच्या आसपास सर्वांत तीव्र. दर घनसेंटिमीटरला 10,000 कोटी इलेक्ट्रॉन असतील, तर ते जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर खोल शिरतं. म्हणजे इलेक्ट्रॉन तापतात ते झाकणाखालच्या एका कड्यात. तरीही कमी दाबाला सर्वांत दाट प्लाझ्मा मिळतो मध्यभागी! तापलेले इलेक्ट्रॉन चेंबरभर हिंडून सगळीकडे आयन बनवतात. आयन नष्ट होतात भिंतींवर, आणि मध्य भिंतींपासून सर्वांत लांब. दाब वाढवला की इलेक्ट्रॉनांचं हिंडणं आखडतं, मधला उंचवटा खचतो आणि दाटी कॉइलखालच्या कड्यात सरकते. कॉइल तीच, शक्ती तीच. आकार मात्र पालटतो.

हा आकार टिपायला लँगम्यूर प्रोब आहे. प्लाझ्मात बारीक तार सरकवायची, तिचा व्होल्टेज बदलत न्यायचा आणि प्रवाह मोजायचा. मॉट-स्मिथ आणि लँगम्यूर यांनी 1926 मध्ये मांडलेली ही रीत आजही पहिली आठवते. पण फ्लोरोकार्बन वायूत तारेवर विद्युतरोधक थर चढतो आणि आकडे बिघडतात. तिथे हेअरपिन प्रोब कामी येतो. यू आकाराच्या तारेची अनुनाद वारंवारता निर्वातात 2.5 गिगाहर्ट्झ असेल आणि प्लाझ्मात 3.8 झाली, तर घनता वर सांगितलेल्या 10,000 कोटींच्या आसपास निघते. पातळ थराची त्याला फारशी बाधा होत नाही.

अखेरची परीक्षा वेफरवरच. बऱ्याचदा 49 ठिकाणी कोरण्याचा वेग मोजतात आणि कमाल-किमानमधला फरक सरासरीच्या दुपटीने भागतात. वेग मिनिटाला 490 ते 510 नॅनोमीटर असेल, तर असमानता 2 टक्के.

आम्ही प्लाझ्मावाले या एका आकड्यावर फार विसंबतो, असं माझं स्पष्ट मत आहे. मध्यात फुगलेल्या आणि एका बाजूला कललेल्या, अशा दोन वेफरांचा आकडा सारखाच येऊ शकतो. फुगवट्यावर दाब बदलून किंवा आतल्या-बाहेरच्या कॉइलमधली प्रवाहाची वाटणी बदलून उपाय होतो. कलावर त्याचा उपयोग नाही. तिथे पंपाचं तोंड, वायूची आवक नाहीतर कॉइलची जोडणी तपासावी लागते.

म्हणून अहवाल लिहिणाऱ्यांना विनंती: टक्का जरूर द्या, पण त्याच्याशेजारी वेफरचा पूर्ण नकाशाही छापा.