कमी तहानेची झाडं

सोसायटीत टँकर यायला लागले की गॅलरीतल्या झाडांना पाणी घालताना अपराधी वाटतं ना? मला तरी वाटतं. आई मूळची लातूरची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं ते तिच्याच गावाला. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर! त्यामुळे आमच्या घरी बादलीचाही हिशोब असतो.

तर मंडळी, झाड घेतानाच त्याची तहान बघावी. कोरफड आणि पानफुटी पानांवरची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतात, भर उन्हात मिटून घेतात. म्हणून पाणी कमी उडतं. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. एकदा रुजली की पाण्याचा थोडा ताण दिल्यावर उलट जास्तच बहरते. मादागास्करची सदाफुलीही तशीच चिवट.

बाकी सगळं सोपं आहे. कुंडीत मातीवर वाळक्या पानांचा थर द्यायचा. मातीत बोट खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी, तेही सकाळी किंवा संध्याकाळी. एसीचं पाणी चालतं. आरओचं टाकाऊ पाणी मात्र रोज नको, त्यात क्षार जास्त असतात.

राहता राहिला मोगरा. त्याला उन्हाळ्यात पाणी लागतंच. "काढून टाकूया का गं?" मी आईला विचारलं.

"का? तांदूळ धुतलेलं पाणी कुठं जातं आपल्याकडे?"

विषय संपला. मोगरा आहे. पण एकच!