माहूरला ओझं उतरतं

नांदेडहून आदिलाबादकडे निघालेली गाडी भोकरच्या पुढे गेली की काळं शिवार मागं पडतं आणि खिडकीत साग यायला लागतो. बावीस वर्षांनी या वाटेवर होतो. मी लातूरचा, आमचा बालाघाट सपाट माथ्याचा, बसका. डोंगर दाटीनं अंगावर येतात ते माहूरलाच. किनवटला उतरून एसटी धरली. तीन दिवस हाताशी होते आणि पाठीवर चौदा किलोंची सॅक.

"एवढं वझं कायले आणलं, भाऊ?" चहावाल्या बाईनं विचारलं. आमच्या 'कशाला'चं इथं 'कायले' होतं. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड आहे, ते असं आधी कानाला कळतं.

ओझ्याचं माहूरला नवल नाही. परशुराम कावड खांद्यावर घेऊन इथं आला, एका पारड्यात जमदग्नींचा देह आणि दुसऱ्यात रेणुकामाता. कोरी भूमी मिळेल तिथं अंत्यविधी कर, असं त्याला सांगितलेलं. ती भूमी इथं मिळाली. रेणुकाही इथंच सती गेली. ती जमिनीतून पुन्हा वर येईपर्यंत मागं पाहायचं नव्हतं; पण आईच्या ओढीनं त्यानं वेळेआधीच वळून पाहिलं, म्हणून जमिनीतून फक्त तिचं मुख वर आलं. तोच हा तांदळा. साडेतीन पीठांतलं हे पूर्ण पीठ. इथला प्रसाद म्हणजे कुटलेला विडा, आणि पायऱ्यांच्या कडेनं खलबत्त्यांची ठकठक दिवसभर चालू असते.

दुसरा दिवस किल्ल्याला दिला. गाडीरस्ता थेट वर जातो, पण मी पायवाटच धरली. गोंड, बहामनी, इमादशाही, मोगल अशा सगळ्यांनी हा गड हाताळलेला. तटावरून खाली पैनगंगेचं वळण दिसतं आणि वऱ्हाड, तेलंगण, मराठवाडा यांच्या सांध्यावरची ही जागा सगळ्यांना का हवी होती ते कळतं. जहांगीराविरुद्ध बंड करून फसलेला शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, 1623 साली पळत इथं आला. हत्ती आणि जड सामान त्यानं माहूरचे सरदार उदाराम यांच्या हवाली केलं आणि मोकळ्या अंगानं गोवळकोंड्याच्या मुलखातून ओडिशाकडे निघून गेला. ताजमहाल बांधणाऱ्याचं सामान आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात ठेवलेलं होतं, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी इतिहासात नापास झालो नसतो.

याच उदाराम घराण्यातली रायबागन. फेब्रुवारी 1661 मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची फौज कोंडली, तेव्हा ती त्या फौजेत होती. शरण जा, हा शहाणा सल्ला खानाला तिनंच दिला, असं सांगतात. सगळं सामान तिथंच टाकून फौज जिवानिशी सुटली. मोगलांच्या बाजूनं लढली म्हणून आपण पुस्तकात तिची दोन ओळींवर बोळवण करतो. तटावर बसल्यावर ते मला बरं वाटलं नाही.

त्या रात्री सॅक रिकामी केली. तिसऱ्या दिवशी पाण्याची बाटली आणि खिशात विड्याची पुडी एवढंच घेऊन पहाटे दत्तशिखराकडे निघालो. सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. महानुभाव मंडळी खालच्या देवदेवेश्वराला दत्तात्रेयांचं निद्रास्थान मानतात. दिवसभर हिंडून देव झोपायला माहूरला येतात म्हणे.

अनसूया शिखराच्या चढावर एक आजी भेटली, डोक्यावर गाठोडं, पाय अनवाणी. दोघंही टेकलो. मी पुडी सोडून विडा पुढं केला. तिनं चिमूटभर तोंडात टाकला, उरलेला पदराच्या टोकाला बांधला.

"म्हाताऱ्याले नेतो," ती म्हणाली. "कुटेलच आहे. दात नाहीत त्याले."

गाठोडं डोक्यावर चढवायला मी हात दिला. चांगलंच जड होतं.