मोठीमायचा रांजण

मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेकनूर हे गाव लागते. बालाघाटच्या माथ्यावरील हे गाव गुरांच्या आठवडी बाजारासाठी आणि वारकरी संप्रदायातील थोर कीर्तनकार बंकटस्वामी महाराज यांच्या संस्थानासाठी पंचक्रोशीत ओळखले जाते. आम्हांला मात्र नेकनूर म्हटले की दारातला लिंब, त्याखालचा मातीचा रांजण आणि रांजणापाशी बसलेली आमची आजी आठवते. घरातले लहानथोर तिला मोठीमाय म्हणत.

तिच्या जन्माची नोंद कोठेही नव्हती. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची राजवट संपली तेव्हा आमचे वडील तिच्या कडेवर होते आणि थोरली आत्या पदर धरून चालत होती, एवढ्या आधारावर आम्ही तिचे वय मोजीत असू. हाली रुपया व्यवहारातून जाऊन कितीतरी वर्षे लोटली, तरी जुन्या वस्तूची किंमत ती हालीतच सांगे. तिला अक्षरओळख नव्हती. पण जपमाळेतील रहस्ये तिला क्रमाने पाठ होती. आमच्या लहानपणी महिन्यातून एकदा धर्मगुरू यायचे. आमच्या ओसरीवर पवित्र मिस्सा होई. आदल्या दिवशी ओसरी सारवण्याचे काम मोठीमाय दुसऱ्या कोणाला करू देत नसे.

1972 च्या दुष्काळाची हकिकत आम्ही वडिलांच्या तोंडून ऐकली आहे. त्या वर्षी मोठीमाय आमच्या आईला घेऊन खडी फोडण्याच्या कामावर जाई. कामावर मिळणारी सुकडी पदरात बांधून आणावी आणि आम्हां लेकरांना भरवावी, असा क्रम होता. विहीर आटली होती. घागरभर पाण्यासाठी दूरवर जावे लागे. तरीही येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी लिंबाखालचा रांजण तिने कोरडा पडू दिला नाही. घरच्यांना पुरत नाही आणि वाटसरूंना कसले पाजता, असे आजोबा एकदा रागाने म्हणाले. तिने उलट उत्तर केले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती एक खेप जास्त करू लागली.

1998 साली आम्हांला गुरुदीक्षा मिळाली. तोवर 'अरे-तुरे' करणारी मोठीमाय त्या दिवसापासून आम्हांला 'फादर' आणि 'तुम्ही' म्हणू लागली. त्याच वर्षी आषाढात आम्ही घरी गेलो होतो. पंढरीला निघालेली एक दिंडी आमच्या दारावरून चालली होती. काही मंडळी पाण्यासाठी लिंबाखाली थांबली. आम्ही बाहेर येऊन पाहतो तो मोठीमाय एका वारकरी बाईच्या पायांशी वाकलेली! चारचौघांसमोर आमचा चेहरा उतरला. दिंडी पुढे जाताच आम्ही तिला म्हणालो, "मोठीमाय, पाणी अवश्य द्यावे, पण असे पाया पडणे आपल्याला शोभत नाही. तुझा नातू धर्मगुरू आहे. लोक काय म्हणतील?"

ती क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली. मग हातातली तेलाची वाटी पुढे करून म्हणाली, "पाया नाही पडले, लेकरा. तिच्या टाचा फुटल्या होत्या. चालवत नव्हतं तिला. तेल लावत होते."

एवढे बोलून ती चहा टाकायला आत गेली. त्या एका वाक्यात आम्ही पुन्हा 'लेकरू' झालो होतो.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र प्रसिद्ध केले आणि अन्य धर्मीयांशी आदराने व बंधुभावाने वागण्याची दिशा दिली. सेमिनरीत आम्ही त्याचा अभ्यास केला होता, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. आज्ञा-गुरुवारी वेदीपुढे आम्ही बारा जणांचे पाय धुतो. ते पाय घरूनच स्वच्छ होऊन आलेले असतात. धुळीने माखलेले, रक्ताळलेले पाय समोर आले तेव्हा मात्र आम्हांला त्यांत केवळ लोकापवाद दिसला. मोठीमायची क्षमा मागावी असे अनेकदा मनात आले. पण धर्मगुरूने आजीची क्षमा मागायची कशी, या संकोचात तेरा वर्षे निघून गेली.

2011 च्या हिवाळ्यात निरोप आला तसे आम्ही तातडीने नेकनूरला पोहोचलो. मोठीमाय ओसरीवरच्या बाजेवर निजली होती. वाचा बसत चालली होती. आम्ही तिला रुग्णाभ्यंगाचा संस्कार दिला. सध्याच्या विधीत कपाळाला आणि हातांना पवित्र तेल लावतात. पूर्वी पायांनाही लावीत असत. खडी फोडून घट्टे पडलेले ते तळहात आम्ही हातांत घेतले, तेव्हा प्रार्थनेचे शब्द घशात अडले.

विधी संपल्यावर आम्ही चुलीपाशी गेलो, वाटीत करडीचे तेल घेतले आणि तिच्या पायथ्याशी बसलो. धर्मगुरूने पायाला हात लावलेला तिला रुचला नसावा. तिने पाय आखडून घेतला. आम्ही म्हणालो, "मोठीमाय, फादर नाही, तुझं लेकरूच आहे. त्या दिवशी चुकलं." बऱ्याच वेळाने तिने पाय हळूच सरळ केला. आम्ही दोन्ही टाचांना तेल लावले. पहाटे ती प्रभूच्या घरी गेली.

दफनविधीला गावातील टाळकरी मंडळी आली होती. विधी होईपर्यंत ती शांतपणे उभी राहिली आणि जाताना लिंबाखाली पाणी पिऊन गेली. त्या दिवशी रांजण कोणी भरला, हे आम्ही विचारले नाही. आता आमची धाकटी भावजय तो भरते.

वाचकहो, आपल्याही घरी अशी एखादी मोठीमाय असेल. तिची क्षमा मागायची राहिली असेल, तर तेरा वर्षे थांबू नका. प्रभू आमच्या मोठीमायला चिरशांती देवो.