उन्हातली घडी

मी वयात आले तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्यांवर लाल मिरची उघड्या उन्हात वाळायची. आमच्या घरातल्या पाळीच्या घड्या मात्र न्हाणीमागे, परकराखाली, कुणाला दिसणार नाहीत अशा वाळत. आईच्या जुन्या सुती लुगड्याचं ते कापड मऊ होतं, चांगलं शोषायचं. पण सावलीत ते ओलसरच राही. तसंच पुन्हा घेतलं की मांड्या सोलवटायच्या, खाज सुटायची. बोलायचं कुणाशी? साबणाने धुतलेली घडी कडक उन्हात वाळवली असती तर यातलं पुष्कळसं टळलं असतं. आणि उन्हाला आमच्याकडे काय तोटा!

वसतिगृहात पॅड मिळालं. पैसे मोजके, त्यामुळे मुली सकाळचं पॅड संध्याकाळपर्यंत पुरवायच्या. भरलं नसलं तरी चार-सहा तासांनी ते बदलावं, हे मला फार पुढे एका नर्सबाईंनी सांगितलं.

२०१८ च्या महिला दिनी राज्यात अस्मिता योजना आली: जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी उठला. तोवर माझी लेक मोठी होत होती आणि मी स्वतः पाळीचा कप वापरू लागले होते. तिनेही तो मागितला, तेव्हा शेजारणी घाबरल्या. लग्नाआधी असलं काही नको म्हणाल्या. मला ती भीती खोटी वाटते. हात धुऊन घालावा, बारा तासांच्या आत रिकामा करावा, पाळी संपली की उकळून ठेवावा, एवढं पाळलं तर कुमारिकेलाही कप चालतो. लेकीला तो रुचला नाही. ती सुती घडीच वापरते, अंगणातल्या तारेवर वाळवते. निवड तिची आहे.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाणी लांबून आणावं लागतं. तिथल्या मुलीला धुवायची घडी परवडेलच असं नाही. तिने पॅड घेतलं तर तेच शहाणपणाचं. आणखी एक. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आहे, त्यात पाळीत जास्त रक्त गेलं तर अशक्तपणा आणखी वाढतो. तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल किंवा पाळी सात दिवसांपुढे जात असेल, तर मुलीला दवाखान्यात न्या, रक्त तपासून घ्या. आणि शिक्षकहो, पॅड वाटण्याआधी शाळेतल्या मुलींच्या संडासात पाणी आणा, दाराला आतून कडी लावा.