धोट्याला लागलेले ओठ : गिरणगावातील एका विणकराच्या आठवणी

गिरणगाव म्हटले की बहुतेकांना १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप आठवतो. या धाग्याचा विषय मात्र पुष्कळच लहान आहे. मागावरचा धोटा, जेमतेम दीड-दोन वितींचा. बी.डी.डी. चाळीत आयुष्य काढलेले एक निवृत्त विणकर आजोबा कामाविषयी बोलू लागले, की दर वेळी इथूनच सुरुवात करतात.

धोटा म्हणजे दोन्ही टोकांना धातूची अणी बसवलेला, मधोमध पोकळ असा लाकडी तुकडा. त्याच्या पोटात बाण्याच्या सुताची कांडी असते. कांडी संपली की माग थांबवायचा, नवी कांडी घालायची आणि सुताचे टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचे. बोटांनी ते चटकन निघत नसे. म्हणून विणकर छिद्राला ओठ लावून श्वास आत ओढी. सूत बाहेर येई, त्याबरोबर कापसाचे तंतूही घशात जात. एका पाळीत असे कित्येकदा.

आता यातली मेख पाहा. ज्या धोट्याला एकाचे ओठ लागले, त्यालाच पुढच्या पाळीत दुसऱ्याचे लागणार. तेवढ्या कारणासाठी स्पृश्य कामगार अस्पृश्यांना कापडखात्यात उभे राहू देत नसत. आणि कमाई अधिक होती ती नेमकी याच खात्यात. सूतकताईत त्यांना प्रवेश होता, मागावर नव्हता. लँकेशायरच्या गिरण्यांतही विणकर धोट्याला असेच ओठ लावीत. तिथे पुढे आक्षेप घेतला गेला तो रोग पसरण्याच्या भीतीने. यंत्रे साहेबाच्या देशातून आली, विटाळ आपण घरून आणला.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सुमारे सहा महिने संप चालला. त्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कापडखात्यातील या बंदीचा प्रश्न उघडपणे मांडला आणि अस्पृश्यांना तिथे काम मिळालेच पाहिजे, असा आग्रह धरला. संपनेत्यांनी तो मोठ्या खुशीने स्वीकारला, असे म्हणता येणार नाही. कामगारांची एकजूट हा शब्द वापरताना हा तपशील सोयीस्करपणे गाळला जातो. तो गाळू नये.

आजोबांचे वडील सूतखात्यातच निवृत्त झाले. आजोबा साठच्या दशकात ‘बदली’ म्हणून लागले. बदली म्हणजे रोज पाळीच्या वेळी दारात हजर राहायचे. कुणी कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम, नाहीतर घरची वाट. पुढे त्यांना माग मिळाला. तोवर संविधान येऊन दीड दशक लोटले होते, उघड मनाई उरली नव्हती. तरी शेजारच्या मागावरचा साताऱ्याकडचा विणकर पाळी बदलताना धोट्याचे छिद्र धोतराच्या सोग्याने पुसून घेई. तोंडाने एक अक्षर बोलत नसे.

त्याच माणसाने त्यांना ताण्याचा तुटलेला धागा जोडायला शिकवले. मागाचा आवाज किंचित बदलला तर कुठे बिघडले असेल, हे ओळखायलाही शिकवले. खात्यात शेकडो मागांच्या खडखडाटात बोलणे ऐकू येत नसे, तेव्हा हातांच्या खुणांनी आणि ओठांच्या हालचालींनी संवाद चाले. ती भाषाही त्याचीच शिकवण. आजोबा त्याचा उल्लेख आजही ‘वस्ताद’ असाच करतात.

संपाविषयी ते फार बोलत नाहीत. दत्ता सामंतांच्या सभांना जात होते, एवढेच सांगतात. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. वस्ताद गावी निघून गेला. आजोबांनी पुढे एका इमारतीवर रखवालदारी केली.

वस्तादाचा राग येत नव्हता का, असे नातवाने एकदा विचारले. कान गेल्यामुळे त्याला प्रश्न दोनदा सांगावा लागला. आजोबांनी उशाशी पडलेल्या शालीचा एक धागा ओढून तोडला, दोन्ही टोके अंगठा आणि तर्जनीत धरली आणि एका हाताने गाठ मारून दाखवली. “हे त्याने शिकवलं,” म्हणाले, “आणि राग यायचा. रोज यायचा.”