वर्गातला एक प्रश्न

शिक्षकाला प्रश्न विचारण्याची सवय फार लवकर लागते. प्रश्न ऐकून घेण्याची सवय मात्र उशिरा लागते. मला ती एका बारा वर्षांच्या मुलाने लावली. त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे लोटली आहेत. माझे केस पिकले, मुख्याध्यापक होऊन मी निवृत्तही झालो. परंतु तो मुलगा आणि त्याचा तो प्रश्न अजून माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो.

१९८७ साल होते. सोलापूरच्या एका शाळेत मी नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. त्या काळी आमच्या गावात गिरण्यांचे भोंगे वाजत आणि त्या भोंग्यांवर घराघरातील माणसे आपला दिवस मोजीत. दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू झाले होते. सातवीच्या वर्गात मी पावनखिंडीची हकिकत सांगत होतो. पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले आहेत, मागे शत्रूची फौज लागली आहे, आणि बाजीप्रभू मूठभर मावळ्यांनिशी खिंड अडवून उभे आहेत! तो प्रसंग सांगताना माझा आवाज आपोआप चढला. वर्ग तल्लीन झाला होता. मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो, "मुलांनो, लक्षात ठेवा, खरा वीर कधी हरत नाही!"

तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. अंगाने किरकोळ आणि अबोल असा तो मुलगा होता. त्याचे वडील हयात नव्हते. आई विड्या वळून घर चालवीत असे. तो म्हणाला, "गुरुजी, माझा दादा फौजेत आहे. लंकेत गेला आहे. तिथे जाफन्याला आपले जवान घेरले गेले आणि पुष्कळ मारले गेले, असे पेपरात आले आहे. मग ते वीर नव्हते का?"

वर्ग एकदम शांत झाला. मला उत्तर सुचेना. सुचेना म्हणून मला राग आला. मी म्हणालो, "खाली बैस. धड्याबाहेरचे विचारू नये."

तो खाली बसला. त्या तासाला त्याने पुन्हा मान वर केली नाही.

बालमित्रांनो, त्या मुलाने विचारले होते ते काय, हे तुम्हांला नीट समजावे म्हणून थोडी मागची हकिकत सांगितली पाहिजे. श्रीलंकेत सिंहली आणि तमिळ या दोन समाजांमध्ये अनेक वर्षे तीव्र कलह चालू होता. तो मिटावा म्हणून २९ जुलै १९८७ रोजी भारताचे पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत एक करार केला. त्या करारानुसार आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली. 'तमिळ वाघ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सशस्त्र संघटनेने आपली शस्त्रे खाली ठेवावीत, असे ठरले होते. परंतु ते घडले नाही. शांतता राखण्यास गेलेल्या आपल्या जवानांना ऑक्टोबर महिन्यात त्याच संघटनेशी युद्ध करावे लागले. या मोहिमेचे नाव होते 'ऑपरेशन पवन'.

मोहिमेच्या आरंभीच एक धाडसी बेत आखण्यात आला. जाफना विद्यापीठाच्या परिसरात वाघांचे प्रमुख नेते आहेत, तेव्हा रात्री हेलिकॉप्टरने तेथे उतरून त्यांना अचानक पकडावे, असा तो बेत होता. ११ ऑक्टोबरची रात्र संपून १२ तारीख उजाडण्यापूर्वी हेलिकॉप्टरे पलालीच्या विमानतळावरून उडाली आणि विद्यापीठाच्या फुटबॉलच्या मैदानावर जवानांना उतरवू लागली. परंतु आपल्या सैन्याचे बिनतारी संदेश वाघांनी आधीच ऐकले होते. ते शस्त्रे रोखून वाटच पाहत होते. मैदानाच्या चहूबाजूंनी गोळ्यांचा वर्षाव सुरू झाला. हेलिकॉप्टरांना गोळ्या लागल्या आणि पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. शंभराहून काही अधिक पॅरा कमांडो आणि शीख लाइट इन्फंट्रीचे केवळ तीस जवान एवढेच खाली उतरू शकले. बाकीचे मागेच राहिले.

कमांडो नेत्यांच्या शोधात मैदानाबाहेर पडले. मेजर बिरेंद्र सिंग यांच्या हाताखालचे ते तीस जवान मात्र आपले उरलेले साथीदार येतील या भरवशावर मैदानाजवळ पाय रोवून राहिले. साथीदार येऊ शकले नाहीत. मागच्या सैन्याशी त्यांचा संपर्कही तुटला. अनोळखी शहर, प्रत्येक खिडकीआड शत्रू, आणि जवळ बरोबर नेली होती तेवढीच काडतुसे! सूर्य उगवला, ऊन चढले. तरी ते लढत राहिले. दारूगोळा संपेपर्यंत त्यांनी जागा सोडली नाही. तीस जणांपैकी एकोणतीस धारातीर्थी पडले. एकच जवान जिवंत राहिला. तो शत्रूच्या हाती सापडला आणि पुढे सुटून आला. त्याच्याकडूनच त्या सकाळची हकिकत जगाला कळली.

इकडे कमांडोही शहराच्या गल्ल्यांत कोंडले गेले. काही घरांचा आसरा घेऊन त्यांनी झुंज चालू ठेवली. त्यांच्यापैकी सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांना सोडवण्यासाठी मेजर अनिल कौल रणगाडे घेऊन निघाले. रस्त्यांत सुरुंग पेरलेले होते. म्हणून त्यांनी रणगाडे चक्क लोहमार्गावरून नेले! वाटेत ते स्वतः गंभीर जखमी झाले. पण रणगाडे पोहोचले आणि अडकलेले कमांडो बाहेर आले. ज्या नेत्यांसाठी हा सारा खटाटोप केला, त्यांतील एकही हाती लागला नाही.

हे सारे मला पुढे हळूहळू वाचनातून कळत गेले. ज्या दिवशी त्या मुलाने प्रश्न विचारला, त्या दिवशी त्याला माझ्यापेक्षा अधिक माहिती होती. माझ्यापाशी केवळ मोठा आवाज होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आणखी एक बातमी आली. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन हे शोधमोहिमेवरून आपल्या तुकडीसह परतत असताना, रात्रीच्या अंधारात दबा धरून बसलेल्या वाघांनी त्यांच्यावर हल्ला केला. मेजर डगमगले नाहीत. ते वळसा घालून शत्रूच्या पिछाडीस गेले आणि त्याच्यावर तुटून पडले. हातघाईच्या लढाईत एकाने त्यांच्या छातीत गोळी झाडली. तशाही अवस्थेत त्यांनी त्याच्याच हातातील रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि अखेरचा श्वास घेईपर्यंत ते आपल्या जवानांना आज्ञा देत राहिले. परमेश्वरन आपल्या मुंबईत जन्मले आणि मुंबईतच शिकले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

ही बातमी आली त्यानंतर दोन दिवस तो मुलगा शाळेत आला नाही. तेव्हा मला आठवले, त्याचा भाऊसुद्धा महार रेजिमेंटमध्येच होता! संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. एका खोलीचे ते घर. दारातच त्याची आई मांडीवर सूप घेऊन बसली होती. सुपात तेंदूची पाने होती, तंबाखू होता. पण नेहमी यंत्रासारखे चालणारे तिचे हात थांबलेले होते. मला पाहून तिने पदर सावरला आणि म्हणाली, "गुरुजी, महिना झाला, पोराचे पत्र नाही."

मुलगा कोपऱ्यात उभा होता. मी त्याच्याजवळ गेलो. शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा मागावी, असे मला कोणी शिकवले नव्हते. तथापि त्या दिवशी मी ती मागितली. मी म्हणालो, "बाळ, त्या दिवशी तुझा प्रश्न बरोबर होता. चुकले ते माझे वाक्य. वीरही हरतात. आपल्या मराठी माणसांना हे माहीत असायला हवे. पानिपतावर १७६१ साली आपण हरलो. पण तेथे पडलेल्यांना आपण भ्याड म्हणत नाही. उलट, सव्वादोनशे वर्षे झाली तरी ते नाव आपल्या रोजच्या बोलण्यात आहे."

तो काही बोलला नाही. आईने पुन्हा एक पान उचलले आणि कातरीने कापावयास घेतले.

आठ-दहा दिवसांनी तो धावतच वर्गात आला. त्याच्या हातात फौजेच्या टपालाचे एक आंतर्देशीय पत्र होते. दादा सुखरूप होता. त्या दिवशी मी पहिला तास शिकवला नाही. ते पत्र वर्गाला वाचून दाखवले. त्यात लढाईबद्दल एक अक्षरही नव्हते. आईचा खोकला थांबला का, धाकट्याचा अभ्यास चालू आहे का, एवढेच विचारले होते.

२४ मार्च १९९० रोजी शांतिसेनेची अखेरची तुकडी मायदेशी परतली. या मोहिमेत आपल्या अकराशेहून अधिक जवानांनी प्राण दिले होते. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी दादा आमच्या शाळेत आला. मुलांनी त्याला गराडा घातला. एकाने विचारले, "काका, तुम्ही जिंकलात का?"

दादा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "जाफना शहर आपण घेतले. पण जिंकलो असे तेव्हा कुणाला वाटले नाही. माझ्या बाजूला चालणारे दोघे परत आले नाहीत. एकदा एका गल्लीत आम्ही दिवसभर अडकून पडलो होतो. संध्याकाळी एका म्हातारीने विहिरीचे पाणी काढून आम्हांला दिले. तिचे अर्धे घर पडलेले होते. ते कुणाच्या तोफेने पडले, हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही."

मुले स्तब्ध झाली. मीही स्तब्ध झालो. शहरात युद्ध शिरले म्हणजे ते केवळ सैनिकांत राहत नाही. जाफन्यात शेकडो सामान्य माणसे मेली. रुग्णालयातील डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णसुद्धा त्यातून सुटले नाहीत. वीरांच्या गोष्टी सांगताना ही माणसे गाळून चालणार नाही, हे त्या दिवशी मला समजले.

जाफन्याच्या त्या प्रसंगानंतर सहा वर्षांनी असेच दुसरीकडेही घडले. ३ ऑक्टोबर १९९३ रोजी आफ्रिकेतील सोमालियाच्या राजधानीत, मोगादिशूत, अमेरिकेचे सैनिक काही पुढाऱ्यांना पकडण्यासाठी हेलिकॉप्टरने उतरले. दोन हेलिकॉप्टरे पाडली गेली आणि सैनिक रात्रभर शहरात अडकले. अखेर पाकिस्तान आणि मलेशिया या देशांच्या सैनिकांनी चिलखती गाड्या नेऊन त्यांना सोडवण्यास मदत केली. अठरा अमेरिकन सैनिक आणि शेकडो सोमाली माणसे त्या लढाईत प्राणास मुकली. देश निराळा, भाषा निराळी; पण चूक जवळजवळ तीच होती. शत्रू बेसावध असेल, काम झटपट होईल, असे धरून चालले की त्याची किंमत पुढे गेलेल्या जवानाला मोजावी लागते. ज्या चुकीची हकिकत कोणी सांगत नाही, ती चूक पुन्हा होण्यास फार वेळ लागत नाही.

मी निवृत्त होईपर्यंत दरवर्षी पावनखिंडीचा धडा शिकवताना फळ्यावर दोन तारखा लिहीत असे: १३ जुलै १६६० आणि १२ ऑक्टोबर १९८७. पहिली तारीख पुस्तकात असे, दुसरी नसे. बाजीप्रभूंनी प्राण दिले आणि त्यांचे काम फत्ते झाले. विद्यापीठाच्या मैदानावर पडलेल्या एकोणतीस जवानांचे काम फत्ते झाले नाही. पण सोपवलेली जागा त्यांनीही सोडली नाही. बेत चुकला तो त्यांचा नव्हता; निष्ठा मात्र त्यांची स्वतःची होती.

दरवर्षी कोणी ना कोणी मुलगा किंवा मुलगी उभी राही आणि विचारी, "गुरुजी, ही दुसरी तारीख कसली?"

मी हातातला खडू खाली ठेवी आणि मग शेवटच्या बाकावरच्या त्या मुलापासून गोष्ट सांगावयास आरंभ करी.