गॅलरीतले ऊन

फेब्रुवारी लागला की मुंबईतली मंडळी फोनवर विचारतात, "काय हो, तुमच्या बदलापूरला अजून थंडी आहे का?" आम्ही सांगतो, "या एकदा मुक्कामाला, म्हणजे कळेल." त्यांना ते खरे वाटत नाही. त्यांच्याकडे रात्री पंखा सुरू झालेला असतो आणि आम्ही पहाटे गोधडी हनुवटीपर्यंत ओढून पडलेले असतो.

यात नवल काही नाही. बदलापूर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटर आत आहे. समुद्राजवळच्या मुंबईला समुद्र रात्री फार गार होऊ देत नाही. आमच्याकडे तो आधार नाही. आभाळ निरभ्र असले की जमीन रात्रभर आपली ऊब सोडत राहते आणि पहाटे लादीवर पाय ठेववत नाही. दुपारी मात्र घाम येतो. सकाळी शाल आणि दुपारी पंखा, असे एकाच दिवसात दोन ऋतू. हे आठ-पंधरा दिवस सरले की उन्हाळा आलाच म्हणून समजा.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे, नवरा-बायको. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, मुलगा नोकरीला पुण्यात. घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि पूर्वेकडे तोंड असलेली साडेतीन फुटांची गॅलरी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. १९९४ साली वरळीच्या बीडीडी चाळीतून आम्ही इथे आलो. तिथे १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही नऊ माणसे होतो. नव्या सुनेने साडी कुठे बदलावी हासुद्धा प्रश्न असायचा. पतपेढीचे कर्ज काढले, गळ्यातले मोडले आणि हे घर घेतले. तेव्हा नातेवाईक म्हणाले, "जंगलात चाललात की!" जंगल तर जंगल, पण दार लावले की आपले घर, एवढेच तेव्हा डोक्यात होते.

त्या घराची किंमत पुढे एकतीस वर्षे फेडली. आमच्यातल्या एकाची नोकरी मुंबईत, सात वाजताच्या पाळीची. पहाटे पावणेपाचला घर सोडायचे, अंधारातच लोकल पकडायची. पाळी सुटल्यावर कर्जाच्या हप्त्यासाठी आणखी एका ठिकाणी दोन-तीन तास काम. घरी यायला रात्रीचे नऊ. सुट्टीच्या दिवशी अंग असे मोडलेले असायचे की दहापर्यंत उठवत नसे, आणि उठले की कुणाचे लग्न, कुणाचा साखरपुडा, नाही तर दवाखाना. म्हणजे ज्या घरासाठी जिवाचे रान केले, त्या घराची सकाळ आमच्यातल्या एकाने जवळजवळ पाहिलीच नव्हती.

आमच्यातल्या दुसरीने मात्र ती रोज पाहिली. हिवाळ्यात साडेसातच्या सुमारास पहिले ऊन गॅलरीच्या कठड्यावर येते. मग गजांतून खाली उतरते आणि दार उघडे असेल तर खोलीत शिरते. डिसेंबरात तो पट्टा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे असतो. २२ डिसेंबरनंतर सूर्य उत्तरेकडे सरकू लागतो, तसा पट्टाही दिवसादिवसाने सरकतो आणि फेब्रुवारीच्या शेवटी शिवणयंत्रापाशी येऊन टेकतो. घरात कॅलेंडर नसते तरी या पट्ट्यावरून महिना सांगता आला असता. त्याच उन्हात दोन्ही लेकरांना तेल लावून न्हाऊ घातले. त्याच उन्हात मुलीच्या दोन वेण्या घातल्या, मुलाचे पाढे घेतले, तांदूळ निवडले. सगळे आवरून मुले शाळेत गेली की चहाचा दुसरा कप घेऊन दहा मिनिटे नुसते बसायचे. दिवसभरातली स्वतःची अशी तेवढीच दहा मिनिटे.

गेल्या मे महिन्यात निवृत्ती झाली. हार, नारळ, शाल, फोटो सगळे झाले. वाटले, आता सुख. पण वाचकहो, खरे सांगायचे तर पहिले सहा महिने आमच्या घरात सुख नव्हते, धुसफूस होती. पहाटे चारला जाग यायची आणि जायला कुठे नसायचे. मग नळाला पाणी कधी येते, डाळीला फोडणी उशिरा का, गॅस बारीक का केला नाही, अशी चौकशी सुरू व्हायची. ज्या घरात बाईने एकतीस वर्षे एकटीने कारभार केला, तिथे अचानक साहेब आल्यासारखे झाले. आणि हिवाळा लागला, ऊन गॅलरीत आले, तर तिथे आधीच खुर्ची टाकून, पेपर पसरून कुणी तरी बसलेले! एक दिवस तोंडातून निघून गेले, "अहो, एवढी एक जागा तरी माझी राहू द्या."

त्यावर दोन दिवस अबोला होता.

तिसऱ्या दिवशी गोधड्या उन्हात घालायच्या होत्या. थंडी सरत आली की गोधड्यांना कडक ऊन दाखवून, घडी करून ठेवायच्या, ही जुनी रीत. गोधडी ओझ्याची असते, एकटीला झेपत नाही. म्हणून न बोलताच दोघांनी दोन टोके धरली. ती सासूबाईंच्या हातची वाकळ होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सासऱ्यांचा पगार थांबला, तेव्हा सासूबाई लोकांच्या गोधड्या शिवून देत. उरलेल्या तुकड्यांची ही एक त्यांनी घरासाठी केली. वरून जुने लुगडे, आत सासऱ्यांच्या सदऱ्यांचे आणि गिरणीतून आणलेल्या कापडाचे तुकडे. टाके असे सरळ की दोरी लावून मारल्यासारखे. उन्हात धरली तर विरलेल्या लुगड्यातून आतले निळे-पांढरे पट्टे दिसले. ते पट्टे ओळखीचे होते. "हा दादांचा सदरा," एवढेच शब्द आले आणि मग बराच वेळ कुणी काही बोलले नाही.

पुढे हळूच प्रश्न आला, "पोरं पण इथंच बसायची का गं?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला. मग आमच्यातली एक सांगत गेली आणि एक ऐकत गेला. मुलगी उन्हाचा कवडसा मुठीत धरायला बघायची. मुलगा याच कठड्याला धरून पहिल्यांदा उभा राहिला आणि पडला, त्याची खूण अजून भुवईवर आहे. ऐकणारा म्हणाला, "मला तर दोघंही झोपलेलीच आठवतात. निघताना झोपलेली, येताना झोपलेली. पांघरुणाबाहेर पाय आलेला असला तर आत घालायचो, तेवढाच त्यांचा-माझा हात."

हे ऐकून दोन दिवसांचा राग कुठल्या कुठे गेला. गॅलरी कुणाची, हा प्रश्नच उरला नाही. एकाने घर मिळवले आणि दुसरीने ते वापरले, असे कुणी म्हणेल. पण जो मिळवत होता तो त्याला पारखा झाला होता आणि जी वापरत होती ती एकटी पडली होती. आमच्या वस्तीतल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट असेल.

तेव्हापासून गॅलरीत दोन खुर्च्या आहेत. जागा अडचणीची होते, गुडघ्याला गुडघा लागतो. पण चहाचा दुसरा कप आता दोघांचा. फक्त पहिली दहा मिनिटे पेपर उघडायचा नाही आणि बोलायचेही नाही, असे ठरले आहे. ज्याची जी शांतता, ती त्याला मिळाली पाहिजे.

या महिन्याचा बाजारही बघण्यासारखा. सकाळी पिशवी घेऊन दोघे निघतो. स्टेशनच्या वाटेवर आजूबाजूच्या पाड्यांवरून ठाकर-कातकरी बाया टोपल्या घेऊन बसतात. वालाच्या शेंगा, बोरे, हरभऱ्याचे घाटे, शेवग्याची फुले. मटार या दिवसांत स्वस्त असतो, तो दोघांनी गॅलरीत बसून सोलायचा. सोलता सोलता निम्मा तोंडात जातो, त्याचा हिशेब कुणी मागत नाही. वाटेतल्या आंब्याला मोहर आलेला असतो. झाडाखाली क्षणभर थांबले की आंबूस-गोड वास येतो. नदीकडे गेले तर पळस फुललेला दिसतो, अंगावर पान नाही आणि फांदी फांदी लाल.

एका शनिवारी सोसायटीतल्या पोरांनी मागच्या मोकळ्या जागेत पोपटी लावली. आमच्या गावाकडे हा प्रकार नाही. इथल्या लोकांकडूनच आम्ही शिकलो. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा. मग वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, जाडे मीठ आणि ओवा. वरून पुन्हा पाल्याचा बोळा कोंबून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पालापाचोळा पेटवायचा. आत पाण्याचा थेंब नाही, शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचे. चर्र आवाज झाला की झाले. भोवती बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आपापल्या गावचा हुरडा आठवला. आमचे आजोबाही हुरड्याच्या आगटीजवळ बसत, पण ती आगटी दुसऱ्याच्या शेतातली. राखणीची रात्र त्यांची आणि कणसे मालकाची; हात शेकायला मिळाले तेवढे. आमच्या पोरांनी मात्र स्वतःच्या पैशाने कोंबडी आणली आणि पहिला वाटा वॉचमनला दिला. हे पाहून आजोबांना बरे वाटले असते.

७ फेब्रुवारीला माता रमाईची जयंती झाली. बायकांनी वर्गणी काढून तांदळाची खीर केली. गवऱ्या थापून संसार रेटणाऱ्या त्या माउलीला आपल्या घरात उन्हात बसून चहा प्यायची दहा मिनिटे कधी मिळाली असतील का, असे त्या संध्याकाळी मनात येऊन गेले.

आता एक काळजीची गोष्ट. आमच्या गॅलरीसमोर इतकी वर्षे मोकळा प्लॉट होता. तिथे गेल्या पावसाळ्यानंतर पत्रे ठोकले, पाया खणला आणि आता चौथा स्लॅब पडला आहे. इमारत बरीच उंच होणार, असे फलकावर लिहिले आहे. त्यांनाही घरे हवीत. आम्ही आलो तेव्हा आमच्या इमारतीनेही कुणाचे तरी ऊन अडवले असेलच. पण पुढच्या फेब्रुवारीत साडेसातचे ऊन आमच्या कठड्यावर येणार नाही, हे दिसतेच आहे. सूर्य त्या इमारतीच्या डोक्यावर येईपर्यंत वाट बघावी लागेल.

मुलाने फोन केला. म्हणाला, "पप्पा, आता विकून टाका ते घर. तीन जिने, गुडघे दुखतात, त्यात ऊनही जाणार. इकडे या माझ्याकडे." त्याचे म्हणणे खोटे नाही, मायेचेच आहे. आम्ही दोन दिवस विचार केला. भाव काय येईल तेही विचारून पाहिले. मग एका सकाळी उन्हात बसल्या बसल्या आमच्यातला एक म्हणाला, "अगं, हे घर घेऊन एकतीस वर्षं झाली, पण मी राहायला आत्ताच आलोय. लगेच कुठं सोडू?" विषय तिथेच संपला. मुलाला कळवले, गुडघे अगदीच नाही म्हणाले तर येऊ. तोवर तूच सुट्टीला येत जा.

गॅलरीतले ऊन उशिरा येईल तेव्हा येईल, गच्ची तर आहे. गच्चीवरून चंदेरीचा सुळका दिसतो, हे आम्हाला इतक्या वर्षांनी या महिन्यात कळले. खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "आता थंडी मोडली, कुरडया घालून घ्या." उडदाच्या पापडाला कडक ऊन सोसत नाही, कडा वळतात, कुरडईला मात्र कडकच लागते. म्हणून गहू भिजत घातला. तीन दिवस रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक काढायचा. रात्रभर तो खाली बसला की वरचे पाणी ओतून द्यायचे. जितका चीक तितकेच पाणी उकळायचे, त्यात मीठ-हिंग घालून घोटायचे आणि गरम असतानाच सोऱ्याने घालायचे.

घोटायला आणि सोऱ्या दाबायला जोर लागतो. आजवर त्यासाठी शेजारच्या वहिनींना हाक मारावी लागे. यंदा घरातच माणूस आहे. पहिल्या चार कुरडया वाकड्या आल्या, पाचवी बरी झाली. तेवढ्यात आजींचा नातू वाटी घेऊन आला. त्याला गरम चिकावर साखर आणि तूप घालून दिले. गच्चीच्या कठड्याला टेकून, उन्हात डोळे बारीक करून तो खात होता आणि आम्ही दोघे बघत होतो.

येत्या रविवारी मुलगी आणि मुलगा दोघेही येणार आहेत. पहाटे कितीही थंडी असली तरी साडेसातला सगळ्यांना उठवायचे ठरवले आहे. ऊन आहे तोवर चौघांनी एकदा त्या साडेतीन फुटांच्या गॅलरीत बसायचे आहे.